भरल्या पोटाच्या खवल्या

त्या वर्षी पाऊस दिवाळी उरकली तरी हलला नाही. कापणीला आलेला भात खाचरातच आडवा झाला, लोंब्यांना उभ्या जागी कोंब फुटले. सोमानं भिजका पेंढा गुरांपुढं टाकला तर गुरांनीही तोंड फिरवलं. इगतपुरीच्या या अंगाला पावसाबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही. पण त्या साली बायका आभाळाकडं बघून सरळ शिव्या द्यायच्या. कार्तिकापासून सोमाच्या घराचं सगळं पोट धरणावर आलं.

धरणाच्या पाण्याखाली त्याच्या आज्याचं शेत होतं. नेमकं कुठं, ते त्याला जाळं ओढताना कळायचं, कारण तिथं बुडालेल्या बांधाच्या दगडात जाळं हटकून अडकायचं. दरवेळी तो तिथं आज्याच्या नावानं करवादायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथंच जाळं टाकायचा.

पौषातली सकाळ होती. थर्माकोलच्या तराफ्यावर उकिडवं बसून बसून सोमाचे गुडघे आखडले होते. बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. वाळक्या झाडांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. औंदा ते भलतेच माजले होते. आणि पाण्यावर, अगदी वरच्यावर, खवली जातीच्या मासळ्या फिरत होत्या. वीतभर लांबीच्या, चंदेरी, पोटं टम्म फुगलेल्या. तराफा जवळ गेला तरी बुडी मारत नव्हत्या. सोमानं दोन तर हातानंच उचलल्या. तीस वर्षांच्या धंद्यात खवली अशी हातात आली नव्हती. हे त्याला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला की सोमा फार विचार करत नसे.

काठावर त्याची बायको चिमणाबाई सुरी आणि पाटी घेऊन बसली होती.

"अंड्यावरची हाय," सोमा लांबूनच म्हणाला. "समदीच्या समदी."

चिमणाबाईनं एक खवली उचलली आणि अंगठ्यानं पोट दाबून पाहिलं.

"पौषात अंडी?"

"पाऊसच कार्तिकापतोर व्हता. माशाला काय क्यालेंडर कळतंय? त्याला वाटलं आषाढच हाय."

"अंडी आसली म्हंजी दाबल्यावर दाण्यादाण्यानं लागत्यात. ह्ये मऊ लागतंय."

"कवळी आसतील."

चिमणाबाईनं खवली पाटीत ठेवली. तिलाही ती अंडीच असायला हवी होती. त्यांची एकुलती एक लेक संध्या एकलहऱ्याला दिली होती आणि तिला सातवा लागला होता. आठ दिवसांपूर्वी तिनं फोनवर सांगितलं होतं, "बा, अंड्यावरची खवली खाऊशी वाटती. हितं बाजारात बर्फातली मिळती, तिला चवच नाय." त्या दिवसापासून सोमाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"येक फोडून बघू का?" चिमणाबाईनं सुरी उचलली.

"लेकीच्या वाट्याच्या माशाला सुरी लावती व्हय?"

तिनं सुरी खाली ठेवली. त्यांच्या भावकीत तशी रीत होती. पोटुशा लेकीला माहेरचा मासा धाडायचा तो अख्खा धाडायचा. भरलं पोट माहेरच्यानं फोडायचं नाही. ते लेकीनं आपल्या हातानं उघडायचं, अंडी आपल्या हातानं काढायची, पहिला घास आपण खायचा. चिमणाबाईच्या वेळी तिच्या बापानं असाच मासा आणला होता. एरवी धरणातला मासा सुरीखालून गेल्याशिवाय ती घरात घेत नसे, पण लेकीचा हा मासा तिनं धुतलासुद्धा नाही.

तेवढ्यात मासळीच्या ठेकेदाराचा माणूस बहिरू टेम्पो घेऊन आला. फुगीर पोटांच्या खवल्या पाहून त्यानं त्या वेगळ्या क्रेटमध्ये भरायला लावल्या.

"नाशकात गंगापूर रोडला अंड्यावरची म्हनलं का गिऱ्हाईक दुसरं काय इचारीतच नाय," तो म्हणाला. "उद्या आजून काढ."

सोमानं त्यातल्या उत्तम बारा खवल्या आधीच बाजूला काढल्या होत्या. सगळ्यात मोठ्या पोटाच्या.

*

ओल्या बारदानात गुंडाळलेले मासे मांडीवर घेऊन सोमा गाडीनं नाशिकरोडला उतरला आणि रिक्षानं एकलहऱ्याला गेला. वीज केंद्राची धुराडी लांबूनच दिसायला लागली. इथल्या पत्र्यांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख असायची. दर खेपेला सोमाला वाटे, लेकीला आपण राखेत दिली. पण जावई किशोर कोळशाच्या यार्डात कामाला होता, दारू पीत नव्हता आणि संध्यावर हात उगारत नव्हता, म्हणून तो मनातलं मनातच ठेवी.

विहीण कुसाबाई मूळची त्र्यंबकाकडच्या डोंगरातली. नवऱ्याच्या नोकरीपायी चाळीस वर्षांपूर्वी इथं आली, नवरा गेला, ती राहिली. चाळीत आपण डोंगरातल्या आहोत हे ती फारसं सांगत नसे. पण मासे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, अंड्यावरची! किती वरसांनी बगितली. याही, तुमी लय काम केलं." तिनं लगेच चार खवल्या ताटलीत घेतल्या. "शेजारी देते. त्यांनाबी कळू दे धरणाचा मासा कसा आसतो."

संध्या आतून आली. पोट चांगलं दिसत होतं. तिनं एक खवली हातात घेऊन तिचं पोट दाबलं आणि हसली. "बा, हिला माझ्यासारखंच झालंय."

सोमाला भरून आलं. तो चहा पिता पिता खरं कामाचं बोलला. "विहीणबाई, पहिलं बाळंतपण हाय. आमाला न्यायचीय तिला. चिमणीनं कोपरा सारवून ठिवलाय. इगतपुरीला दवाखाना हाय, मी डॉक्टरीणबाईला बोलूनबी आलो."

"न्या की," कुसाबाई म्हणाली. "माहेरीच व्हतं पहिलं. शिवरात झाली का न्या."

परतीची गाडी गाठायची होती. मासे चिरायच्या आधीच सोमा निघाला. गाडीत बारदानाचा वास अंगाला येत होता आणि शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला, तरी तो आपल्याशीच हसत होता. घरी जाऊन त्यानं चिमणाबाईला एवढंच सांगितलं, "शिवरातीनंतर. व्हय म्हनली." चिमणाबाईनं त्याच संध्याकाळी जुनी लुगडी काढून बाळोत्यांसाठी फाडायला घेतली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरचा फोन आला. तो कधी आवाज चढवून बोलत नसे. त्या दिवशीही चढवला नाही.

"मामा, तुमी ते मासे बघितले व्हते का?"

"काय झालं पाव्हणं?"

"संध्यानं कापला. पोटातून पट्टी निघाली. पांढरी. जित्ती. हातभर लांब. तिच्या मनगटाला गुंडाळली. शेजारच्यांच्या माशातबी तेच निघालं. त्यांनी ताट दारात आणून ठिवलं परत." त्यानं आवाज अजून खाली आणला. "कालपासून ती जेवली नाय. आई म्हंती, सातव्या महिन्यात पोरीनं पोट फोडलं आन् आतून ह्ये निघालं. आता काय बोलायचं मी?"

सोमानं फोन ठेवला. काठावर आदल्या दिवशीच्या चार खवल्या पाटीत होत्या. त्यानं चिमणाबाईची सुरी घेतली आणि एक फोडली. आतड्याच्या जागी चपटी पांढरी फीत दुमडून दुमडून बसवलेली होती. सुरीच्या टोकानं उचलली तर ती लांबतच गेली, मग हळूच आकसली. माशाच्या पोटात अंड्याचा दाणा नव्हता. दुसरीत दोन फिती निघाल्या.

चिमणाबाई त्याच्यामागं उभी होती. "मी म्हनलं व्हतं मऊ लागतंय," ती म्हणाली. नंतर ती हे वाक्य पुन्हा कधी बोलली नाही, पण सोमाला ते रोज ऐकू यायचं.

दुपारी बहिरू आला तो चिडूनच. गंगापूर रोडला दोन गिऱ्हाइकांनी मासे त्याच्या अंगावर फेकले होते, एकानं मोबाईलवर काढून सगळीकडं पाठवलं होतं.

"तुला कळलं नाय व्हय रं? तीस वरीस पाण्यात हायेस."

"तुलाबी कळलं नाय."

"मी विकतो. मला कशाला कळाया पायजे?"

सोमा वाकून सुरी धुवायला लागला.

चौथ्या दिवशी मत्स्य खात्याच्या एक तरुण मॅडम धरणावर आल्या. योगिनी मॅडम म्हणायचे त्यांना. त्यांनी हातमोजे घालून पाच-सहा मासे फोडले, फिती बाटलीत भरल्या आणि काठावरच्या दगडावर बसून सगळ्यांना समजेल असं सांगितलं. हा पट्टकृमी. पाणकावळ्याच्या पोटात याची अंडी होतात, विष्ठेतून पाण्यात पडतात, पाण्यातले बारीक किडे ती खातात, ते किडे मासा खातो. मग कृमी माशाच्या पोटात वाढतो. मासा सुस्त होतो, वर तरंगतो, पुन्हा पाणकावळ्याच्या तोंडी जातो.

"माणसाला?" सोमानं विचारलं.

"हा कृमी माणसाच्या अंगात राहत नाही, काका. मासा साफ करा, आतलं सगळं काढा, नीट शिजवा. काही होत नाही."

"बाईमाणसाला? पोटुशा?"

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. "तिलाही नाही. आणि बाळालाही नाही."

"ह्ये लिवून द्याल का?"

त्यांनी वहीचं पान फाडून लिहून दिलं. खाली सही केली. तारीख टाकली. सोमाला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ते पान दोनदा डोळ्यांसमोर धरलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं.

*

मॅडमनी घाण पाण्यात न टाकता पुरायला सांगितलं होतं. ठेकेदारानं हुकूम काढला की यापुढं मासा पोट साफ करूनच टेम्पोत चढेल. काम चिमणाबाईवर आलं. दिवसभर ती काठावर बसे. शेपटीकडून सुरी घाली, गळ्यापर्यंत चिरी, दोन बोटं आत घालून फीत ओढी, बादलीत टाकी. बादलीतलं हलत राहायचं. उन्हं कलली की सोमा खड्डा खणून ते पुरायचा. चिमणाबाईची बोटं काट्यांनी चिरली, चिरांत पाणी जाऊन सुजली. घरी आल्यावर ती राखेनं हात घासी, मग साबणानं, मग लिंबाच्या सालीनं. भाकरी थापताना हातांकडं बघत राही. पण कोपरा ती रोज झाडून घेत होती. सुईणीला लागेल म्हणून नवा पाटसुद्धा आणून ठेवला होता, जरी बाळंतपण दवाखान्यात व्हायचं होतं.

"शिवरात परवा झाली," एका सकाळी ती म्हणाली. "तुमी जाताय का मी जाऊ?"

"मीच जातो. कागद हाय माझ्यापाशी."

तिनं चार खवल्या निवडल्या, स्वतः साफ केल्या, मीठ-हळद लावून डब्यात भरल्या. या वेळी रीत बाजूला ठेवली. "त्यांच्यादेखत खा," ती म्हणाली. "म्हंजी त्यांना पटंल."

*

एकलहऱ्याच्या चाळीत सोमा शिरला तेव्हा नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. कुसाबाईनं त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं. वाईट वागवलं नाही. डबा मात्र दाराबाहेरच ठेवायला लावला.

सोमानं कागद काढला. किशोरनं तो मोठ्यानं वाचला. कृमी माणसाला लागत नाही, गर्भाला अपाय नाही, सगळं होतं. सही होती.

"कागद खराच आसंल," कुसाबाई म्हणाली. "मी काय अडाणी नाय याही. पर माज्या डोळ्यांनी बगितलंय ते कागदानं पुसतंय व्हय? शेजारीण आजून माज्या हातचा चहा घेत न्हाय."

"मी खाऊन दावतो."

त्यानं मागच्या अंगणात तीन दगड मांडले, किशोरकडून तवा मागून घेतला आणि दुपारच्या उन्हात चारी खवल्या भाजल्या. शेजारच्या दोन बायका कठड्याला टेकून बघत होत्या. एका पोरानं मोबाईल वर धरला, तो किशोरनं खाली करायला लावला. सोमा मांडी घालून बसला आणि खायला लागला. पहिली खवली त्यानं सावकाश खाल्ली. दुसरीला घास फिरायला लागला. मासा चांगला होता, मीठही बेताचं होतं, पण इतक्या डोळ्यांसमोर बसून कधी कुणी जेवलं आहे? तिसरी संपवताना त्याच्या घशात काटा अडकला. त्यानं खोकून काढला आणि कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून बोटावर धरून दाखवला. "काटा हाय," तो म्हणाला. चौथीही खाल्ली.

खाणं झालं. बायका आपल्या कामाला गेल्या.

तो हात धुवायला नळाशी गेला तेव्हा संध्या मागून आली. तिचा चेहरा उतरला होता, हाताच्या बांगड्या ढिल्या झाल्या होत्या. तिनं तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं. तोंड मात्र दुसरीकडं केलं होतं.

"सासूबाय नाय म्हंती का गं? किशोरला सांग, तो ऐकंल तुझं," सोमा हळू म्हणाला. "तुझ्या आईनं समदं करून ठिवलंय. पाटबी आणलाय."

"बा, त्या नाय म्हनल्या नाहीत."

"मंग?"

"त्या म्हनल्या, तुझ्या मनावर हाय." संध्यानं तांब्या खाली ठेवला. "मीच नाय येत."

सोमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"डोळं मिटलं का ते मनगटाला गुंडाळतंय. मला कळतंय, त्यात काय नसतं. कागद मीबी वाचला. पर भाकर तोंडाशी नेली तरी वास येतो. आन् आई आता दिसभर तेच काम करती. तिच्या हाताचा..." ती थांबली, पदर तोंडाला लावला. "तिनं बाळाला हात लावला आन् मला वकारी आली तर? आईसमूर? तिला काय वाटंल बा? त्यापरीस नकोच. हितं दवाखान्यात नाव घातलंय."

सोमाच्या हातावरचं पाणी गळत होतं. बारा खवल्या आपणच निवडल्या, सगळ्यात मोठ्या पोटाच्या, आपल्या हातानं, हे त्याला त्या क्षणी जेवढं लागलं तेवढं आधी कधी लागलं नव्हतं. त्याला लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. त्यानं आपला हात नाकाशी नेला, वास घेतला आणि खाली सोडला.

"आईला सांगू नको," संध्या म्हणाली.

"नाय सांगत."

*

तो घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. चिमणाबाई दारातच होती.

"कवा न्यायचं?"

"नाय पाठवीत." सोमानं चपला काढल्या. "विहीण नाय म्हनली."

"कागद दावला नाय?"

"दावला. मासंबी खाल्लं. तिला नाय पटलं."

चिमणाबाईनं कुसाबाईचा उद्धार केला. डोंगरात खेकडे धरून वाढली आणि आता राखेत राहून लाटसाहेबीण झाली म्हणाली, तिच्या दारात पाणी पिणार नाही म्हणाली, आणखीही पुष्कळ म्हणाली. सोमा ऐकत राहिला. कुसाबाईनं पाट दिला होता, पाणी दिलं होतं, हे त्याला आठवत होतं, पण तो तिच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. मग चिमणाबाईनं फोन उचलला.

"कुणाला लावती?"

"संध्याला. ती सांगंल नवऱ्याला. नवरा आईला सांगंल."

"ऱ्हाऊ दे."

तिनं ऐकलं नाही. सोमा ओट्यावर बसून राहिला. पलीकडून संध्याचा आवाज बारीक येत होता, शब्द कळत नव्हते.

"सासूच नाय म्हनली ना गं?" चिमणाबाई विचारत होती. "खरं सांग. तुला यायचंय ना?"

फोन कानाशी धरून ती आपल्या मोकळ्या हाताची बोटं निरखत राहिली. मग चिमणाबाई म्हणाली, "बरं. बरं. जप. खात जा काहीतरी." आणि फोन ठेवला.

"काय म्हनली?" सोमानं विचारलं.

"सासूच नाय म्हंती म्हनली."

ती आत गेली. सारवलेल्या कोपऱ्यातला पाट तिनं उचलून भिंतीला उभा केला, बाळोत्यांचं गाठोडं माळ्यावर टाकलं. मग न्हाणीत गेली. राखेचा आवाज आला, साबणाचा आला, पुन्हा राखेचा आला. सोमा उठला नाही.

थोड्या वेळानं ती बाहेर येऊन त्याच्यापुढं बसली. बोटं घासून घासून लाल झाली होती, जुन्या चिरांतून रक्त आलं होतं. तिनं दोन्ही हात त्याच्या तोंडाशी धरले.

"वास येतो का माझ्या हाताला?" तिनं विचारलं. "खरं सांगा."

सोमानं खाली वाकून वास घेतला. साबणाचा होता, राखेचा होता, आणि त्याखाली धरणाचा होता.

"नाय येत," तो म्हणाला.